चाळीस किलो गहू कमी

एप्रिल लागला की पुण्यातल्या घरांमध्ये वर्षाच्या गव्हाची बोलणी सुरू होतात. लोकवन घ्यायचा की सिहोर, मार्केट यार्डातून आणायचा की नेहमीच्या दुकानदाराला सांगायचं, साफ केलेला की घरी चाळायचा. हिशेब तसा सरळ असतो. किलोभर कणकेत मध्यम आकाराच्या तीस-बत्तीस पोळ्या होतात. चौघांच्या घरात दिवसाला तेरा-चौदा पोळ्या लागल्या, तर महिन्याला साधारण १३ किलो आणि वर्षाला १६० किलो गहू लागतो. घरातलं एक माणूस गेलं की आकडा १२०वर येतो. दुकानदार फोनवर सवयीने विचारतो, "नेहमीएवढाच ना?" फोन सोळा वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने उचललेला असेल, तर ती वजाबाकी त्याला मोठ्याने सांगावी लागते.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि अकरावीचे वर्ग भरायला पावसाळा उजाडतो. शाळा संपलेली, कॉलेज लागलेलं नाही, अशी इतकी मोठी सुट्टी पुन्हा मिळत नाही. त्याच वर्षी आई किंवा वडील गेले असतील, तर ही सुट्टी राहिलेल्या एका पालकाबरोबर, बंद पंख्यांच्या खोल्या असलेल्या घरात काढायची असते. मूल या दोन-तीन महिन्यांत मोठं होतंच, आपण ठरवलं नाही तरी. कसं मोठं होतं, हे मात्र घर त्याच्या हातात काय देतं यावर असतं. माझं मत ठाम आहे. मुलाला काम द्यावं, चांगलं घाम निघेल एवढं द्यावं, पण गेलेल्या माणसाची जागा देऊ नये. बोलताना हे पटतं. रोजच्या घरात फरक निसटतो, म्हणून बारीकसारीक गोष्टींत शिरायला हवं.

जागा दिली जाते ती बहुतेकदा तेराव्याच्या दिवशीच. काका पाठीवर हात ठेवून म्हणतात, "आता तूच घरातला कर्ता." आत्या मुलीला जवळ घेऊन सांगते, "बाबांना आता तूच बघायचंस हं." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण पंधरा-सोळा वर्षांचं मूल हे वाक्य शब्दशः घेतं. ते राहिलेल्या पालकासमोर रडणं बंद करतं. रात्री पलीकडच्या खोलीतला खोकला ऐकत जागं राहतं. मित्रांची सिंहगडाची सहल ठरली की "मला जमणार नाही" म्हणतं, आणि कारण सांगत नाही. मग चारचौघांत त्याचं कौतुक होतं, "किती समजूतदार झाला बघा!" या कौतुकाचा मला राग येतो, कारण त्यामुळे मुलाला काही त्रास होतोय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. हे वाक्य राहिलेल्या पालकानेच मोडून काढावं, शक्यतो त्याच नातेवाइकांच्या देखत: "घर चालवणं माझं काम आहे. तू मदत करायचीस, आणि नको वाटलं तर नको म्हणायचंस." एवढं एकदा नीट कानावर पडलं की मूल कामालाही मोकळेपणाने हात लावतं.

आई गेलेल्या घरात पहिली अडचण स्वयंपाकघरात येते. वडिलांना आणि मुलांना दोघांनाही फारसं येत नसतं. ही एका अर्थी चांगली गोष्ट, कारण शिकणं बरोबरीने होतं. पोळ्यांपासून सुरुवात करू नये. पोळीला हात बसायला महिने जातात आणि रोजचे फसलेले नकाशे दोघांचं मन खचवतात. पोळ्यांना बाई लावावी किंवा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात, आणि आपण कुकरपासून सुरू करावं. जुन्या तांदळाला वाटीला सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी, नव्याला दोन पुरतात. तुरीची डाळ अर्धा तास भिजवून वाटीला तीन वाट्या पाणी, वर चिमूट हळद, हिंग आणि चमचाभर तेल. ते तेल फेस खाली ठेवतं. नाहीतर डाळीचा फेस शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो, वाफ अडते आणि शिट्टी होतच नाही. शिट्टी होत नाही म्हणून आच वाढवायची नाही. गॅस बंद करून, कुकर पूर्ण निवल्यावर शिट्टी काढून भोक तारेने साफ करायचं. वाफ कडेने येत असेल तर रबर सैल झालेलं असतं, ते बदलायचं. दुसरा धडा फोडणीचा. तेल तापलं की मोहरीचे दोन दाणे टाकून बघायचे. ते तडतडले तरच बाकीची मोहरी, मग जिरं, हिंग, आणि हळद-तिखट आच मंद केल्यावर. घाई झाली तर मोहरी कच्ची राहून दाताखाली कडू लागते, आणि आच मोठी राहिली तर तिखट जळून अख्खं घर खोकतं. पिठलं, मुगाची खिचडी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर एवढ्यावर आठवडा निभतो. आठवड्याची पाळी कागदावर लिहून फ्रिजवर लावावी, आणि त्यात मुलाचे वार पालकापेक्षा कमी असावेत. दोन दिवस मुलाचे, चार पालकाचे, एक दिवस बाहेरून. कागद असला की "आज मीच करते बाबा, तू दमलायस" हे रोजचं होत नाही.

लोणच्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्या उन्हाळ्यात खरी परीक्षा तिथे होते. लोणच्याची बरणी ही गेल्या वर्षीच्या आईच्या हातची, आणि मे महिन्यात ती तळाला जाते. तिचं प्रमाण कुठे लिहिलेलं नसतं. मावशीला फोन केला तर ती सांगते, "अंदाजाने घाल." पहिल्यांदा करणाऱ्याकडे अंदाज कुठून असणार? त्याला वजनकाटा लागतो. किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ते १०० ग्रॅम तिखट, दोन मोठे चमचे हळद, दोन-दोन लहान चमचे मेथी आणि हिंग, आणि ३०० मिली तेल हे प्रमाण सहसा दगा देत नाही. कैरी आंबट, कडक, आत पांढरी हवी. आत पिवळटपणा दिसला की ती लोणच्यात आठ दिवसांत गळते. मंडईत विकणारेच अडकित्त्याने कोयीसकट फोडी करून देतात, पण फोडून घेण्याआधी कैरी घरून धुऊन, पुसून नेलेली बरी, किंवा फोडी आणल्यावर एकेक कोरड्या फडक्याने पुसून काढाव्यात. इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया जातं. फोडींना मीठ-हळद चोळून चार-पाच तास ठेवायचं. मेथी थोड्या तेलात बदामी रंगावर तळून कुटायची. लाल झाली की लोणचं कडू झालंच म्हणून समजा. उरलेलं तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करायचं, अगदी हाताला गार लागेपर्यंत. गरम तेलात मोहरीची डाळ पडली तर कडवटपणा येतो आणि फोडी मऊ पडतात. सगळं कालवून कोरड्या बरणीत दाबून भरायचं आणि तीन-चार दिवस रोज एकदा कोरड्या चमच्याने खालीवर करायचं. चौथ्या दिवशी फोडींवर तेल दिसायला हवं. दिसत नसेल तर आणखी वाटीभर तेल तापवून, गार करून ओतायचं. वर पांढरा थर आला तर कारण तीनपैकी एक असतं: ओल राहिली, मीठ कमी पडलं किंवा तेल फोडींच्या वर नव्हतं. बुरशी आलेलं लोणचं वरचं काढून खायचं नाही, फेकून द्यायचं.

आणि हे सगळं बिनचूक करूनही चव आईच्या लोणच्याची येत नाही. मिरची वेगळी, मोहरी वेगळी, हात वेगळा. वडील पहिला घास घेऊन "अगदी तिच्यासारखं झालंय" म्हणतात, तेव्हा मुलाला ते खोटं आहे हे कळतं आणि ते गप्प होतं. "चांगलं झालंय, तिच्यापेक्षा तिखट झालंय" हे खरं बोलावं. त्या वाक्यात आई पंगतीला येते आणि लोणचंही मुलाचं राहतं. जुन्या बरणीतलं तळाचं लोणचं नव्यात मिसळू नये. त्यात ओल गेलेली असते. ज्याला हवं त्याने ते वेगळ्या छोट्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवावं.

वडील गेलेल्या घरात उन्हाळा वेगळ्या दारातून टोचतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत सोसायटीत हळदीकुंकवाची बोलावणी फिरत राहतात. आंबेडाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. गेल्या वर्षी आईबरोबर गेलेल्या मुलीच्या हातात यंदा बोलावणं दिलं जातं, "तू ये गं," आणि आईकडे बघायचं टाळलं जातं. ज्या शहरात महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तिथे हे आजही घडतं, याचं मला वाईट वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. फ्लॅटच्या दारावर परिपत्रक येत नाही. तिथे शेजारणीने स्वतः येऊन "दोघी या" म्हणावं लागतं. कुणी म्हटलं नाही तर आईने घरीच गौर मांडावी की नाही, हा निर्णय आईचा. मुलीने आईसाठी भांडायला उठू नये, आणि मुलगी एकटी गेली तरी आईने मन दुखवून घेऊ नये. जाण्याआधी दोघींनी यावर दोन मिनिटं उघड बोलावं, म्हणजे मुलीच्या घशाखाली पन्हं उतरतं.

अक्षय तृतीयेला अनेक घरांत पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घडा आणि आंबा देतात, आणि त्यानंतरच आंबा खायला सुरुवात होते. यंदा त्या यादीत नवं नाव येतं. पानात काय वाढायचं हे मुलाला विचारावं. त्याला आठवत असतं की बाबांना आमरसापेक्षा पायरी चोखून खायला आवडायची.

आता फोन. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नये. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, गॅस, वीज सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. रिचार्ज संपून सिम तीनएक महिने पडून राहिलं की नंबर काढून घेतला जाऊ शकतो, आणि व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की पुसलं जातं. मुलाने या उन्हाळ्यात करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे: फोनमधले फोटो संगणकावर आणि आणखी एका डिस्कवर उतरवणं, चॅट एक्सपोर्ट करणं, आणि आवाजाच्या फिती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणं. चॅट एक्सपोर्ट करताना 'मीडियासह' हा पर्याय निवडला नाही तर आवाज येत नाहीत, नुसता मजकूर येतो. "येताना कोथिंबीर आण गं" असा चार सेकंदांचा निरोपही ठेवावा. आज तो ऐकवणार नाही. ऐकायलाच हवा असंही नाही. बसून हे काम एका दमात करू नये. दिवसाला अर्धा तास, आणि पालक शेजारच्या खोलीत असताना.

फोनमध्येच एक धोकाही असतो. यूपीआयचा पिन घरात मुलालाच माहीत असतो, कारण दुकानात पैसे तोच देत आलेला. माणूस गेल्यावर त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यातून पिन वापरून किंवा एटीएममधून पैसे काढायचे नसतात, शंभर रुपयेसुद्धा. पुढे दुसरे वारस प्रश्न विचारू शकतात आणि मुलाचं नाव उगाच मध्ये येतं. संयुक्त खात्यावर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सोय असेल तर हयात व्यक्ती ते चालवू शकते. नसेल तर नामनिर्देशिताने (नॉमिनीने) मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र घेऊन दावा करायचा. कागद पूर्ण पोचले की १५ दिवसांत तो निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून घ्याव्यात, आणि त्यावरचं नाव आधार व बँकेतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का, हे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीवरून हलण्याआधी तपासावं. मधलं नाव सुटलं की पुढची प्रत्येक रांग दुप्पट होते. नोकरीत असलेल्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेत जोडीदाराला पेन्शन मिळते आणि त्याशिवाय दोन मुलांपर्यंत प्रत्येकी त्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या पंचविशीपर्यंत. त्यासाठी १०-डी फॉर्म भरावा लागतो. मुलाचा हा वाटा अनेक घरं मागायचीच विसरतात.

फॉर्म वाचून दाखवणं, झेरॉक्स काढणं, कुठे काय दिलं त्याची वही ठेवणं, एवढं मुलाने करावं. रांगेत एकट्याने उभं राहून साहेबांशी बोलणं, काकांशी फ्लॅटच्या हिश्शावर बोलणं, हे करू नये. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या मालमत्तेत आई, मुलं आणि आजी (वडिलांची आई) या सगळ्यांचा समान वाटा असतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या स्थावर वाट्याचा व्यवहार आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. मुलाला हे माहीत असू द्यावं, पण "सही कर रे इथे" म्हणणाऱ्यापासून त्याला लांब ठेवावं.

मग दारातली स्कूटर. वडील गेले, आईला चालवता येत नाही, मुलगा सोळाचा आणि गल्लीत चालवून तरबेज. दूध, औषधं, क्लास, सगळं त्या गाडीवर अवलंबून. हे पुण्यात सर्रास चालतं, आणि इथे मी अजिबात सवलत देणार नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. दारात उभी असते ती ११० किंवा १२५ सीसीची. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. एकच पालक उरलेल्या घरात ही जोखीम कशाच्या जोरावर घ्यायची? गाडी मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत मालकी बदलण्याचा नमुना ३१ भरायचा असतो, विम्यावरही नाव बदलून घ्यायचं असतं. त्या उन्हाळ्यात स्कूटर शिकायची ती आईने. सकाळी सहाला सोसायटीच्या मोकळ्या जागेत मुलाने शेजारी उभं राहून शिकवावं: उजव्या हाताने मूठ एकदम पिळायची नाही, दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, वळताना नजर चाकावर न ठेवता जायचं तिकडे ठेवायची. इथे शिकवणारा लेक असतो आणि शिकणारी आई, आणि तरी कुणाची जागा कुणी घेत नाही.

या वयाचं दुःख सलग चालत नाही. मूल दुपारी मित्रांबरोबर खदखदून हसतं, आणि रात्री क्षुल्लक कारणावरून ताट ढकलतं. पालकाला वाटतं, याला काही वाटतच नाही. आणि मग वाटतं, हा उद्धट झालाय. दोन्ही चूक. वेताळ टेकडीवर पहाटे जाणं, पोहणं, संध्याकाळी मैदानावर जाणं चालू ठेवावं, कारण थकलेल्या शरीराला झोप येते. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची: कित्येक आठवडे झोप आणि भूक नीट नसणं, सगळ्या मित्रांना तोडणं, "मीही गेलो असतो तर बरं" असं बोलणं. अशा वेळी वाट बघू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर पालकासाठीही आहे. मुलापाशी सगळं बोलून मोकळं होणारे पालक मी समजू शकतो, पण रात्री अकराला पैशांची चिंता ऐकायला मावशी, मित्र किंवा समुपदेशक हवा, लेक नको.

निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची धावपळ सुरू होते. आधी अर्जाचा भाग एक, मग पसंतीक्रमाचा भाग दोन, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला क्रमांक विचाराने लिहायचा. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीच्या दाखल्याला वडिलांकडच्या नोंदी लागतात. वडील नसले तरी त्यांच्या किंवा आजोबांच्या शाळेतून दाखला मिळवता येतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. काकांना गावी पाठवण्याचं काम हे आहे, आणि ते एप्रिलमध्येच सांगितलेलं बरं.

पसंतीक्रमाच्या त्या यादीत पूर्ण उन्हाळ्याचा जमाखर्च दिसतो. पहिल्या तिन्ही क्रमांकांवर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची कॉलेजं असतील आणि गुण त्याहून बरेच वरचे असतील, तर मुलाने मनात काय ठरवलंय ते उघड आहे. विचारलं तर ते सांगेल, "मला हेच आवडतं." तेव्हा वाद घालू नये. कोरा कागद द्यावा आणि म्हणावं, घर कुठे आहे हे विसरून दहा नावं लिही, मी आत चहा टाकतो. परत आल्यावर दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात आणि जिथे जिथे फरक आहे त्या प्रत्येक कॉलेजाचं बसचं वेळापत्रक, जाण्यायेण्याचा वेळ, फी आणि आपण संध्याकाळी किती वाजता घरी पोचतो, हे आकड्यांत लिहावं. "तू उशिरा आलास तर मी कुकर लावीन, वरण मला येतं आता," हेही त्यातच सांगावं. मग फॉर्म लॉक करण्याचं बटण मुलाला दाबू द्यावं.